चार क्रेडिट कार्डे, की एक कार्ड आणि एफडीवरची ओडी?

ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये माझा छपाईचा छोटा व्यवसाय आहे. कागद रोखीने घ्यावा लागतो आणि बिलाचे पैसे दीड-दोन महिन्यांनी हातात पडतात. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत असे २००६ चा कायदा सांगतो खरा, पण गिऱ्हाईक टिकवायचे असेल तर तो कायदा कपाटातच ठेवावा लागतो. मधल्या काळातली ही ओढाताण मी साडेतीन वर्षे चार क्रेडिट कार्डांवर निभावली आणि गेली दोन वर्षे एका कार्डावर व मुदत ठेवीवर (एफडी) घेतलेल्या ओव्हरड्राफ्टवर (ओडी), म्हणजे ठेव तारण ठेवून ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे पैसे उचलण्याच्या सोयीवर, निभावतो आहे. ज्यांना या दोहोंतून एक निवडायचे आहे, आणि तेही सिबिल स्कोअरला, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणाऱ्या गुणांना, धक्का न लावता, त्यांना माझ्या अनुभवाचा थोडाफार उपयोग व्हावा.

कार्डांची बाजू आधी मांडतो, कारण ती दुबळी नाही. खरेदी स्टेटमेंट (कार्डाचे महिन्याचे बिल) निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी केली आणि बिल पूर्ण भरले, तर ४५ ते ५० दिवस पैसे बिनव्याजी वापरता येतात, आणि याहून स्वस्त कर्ज मला तरी ठाऊक नाही. खारघरला राहणारे आमचे मेहुणे पाच कार्डे वापरतात. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी प्रत्येक कार्डाची स्टेटमेंटची तारीख निळ्या आणि भरण्याची तारीख लाल शाईने लिहिलेली असते, आणि इतक्या वर्षांत त्यांचा एकही हप्ता चुकलेला नाही. असा स्वभाव असलेल्या माणसाला मी कार्डे सोडायला मुळीच सांगणार नाही.

मात्र बिल पूर्ण भरता आले नाही की सगळे गणित फिरते. समजा, ८०,००० रुपये महिनाभर राहून गेले आणि कार्डाचा दर दरमहा साडेतीन टक्के आहे, तर व्याज २,८०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३,३०४ रुपये होतात. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते, हे ‘मिनिमम ड्यू’ (बिलातली किमान रक्कम) भरून निर्धास्त झालेल्यांच्या सहसा लक्षात येत नाही. हेच ८०,००० रुपये ठेवीवरच्या ओडीतून साडेआठ टक्के दराने ३० दिवस वापरले, तर व्याज साधारण ५६० रुपये पडते. हा दर ठेवीच्या व्याजाहून एक-दोन टक्के जास्त असतो, आणि व्याज रोजच्या बाकीवर लागत असल्यामुळे गिऱ्हाइकाचा चेक जमा झाला की त्या दिवसापासून ते आपोआप कमी होते.

तरीही माझा निर्णय या आकड्यांवरून झाला नाही. तो झाला ५९० रुपयांवरून. चौथे कार्ड मी एका मॉलमधल्या टेबलावर, पहिले वर्ष मोफत म्हणून घेतले होते, त्यावर एक मिक्सर घेतला, बिल भरले आणि कार्ड कपाटात गेले. दुसऱ्या वर्षी त्यावर ५०० रुपये वार्षिक शुल्क आणि ९० रुपये जीएसटी लागला. माझा मोबाइल नंबर मध्यंतरी बदलला होता आणि तो त्या बँकेला कळवायचे राहिले होते, त्यामुळे एकही संदेश माझ्यापर्यंत पोहोचला नाही. पुढे मशीनसाठी कर्ज मागायला नौपाड्यातल्या एका बँकेत गेलो, तेव्हा तिथल्या साहेबांनी काही न बोलता संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. महिन्यांच्या चौकटींची एक ओळ होती: ०००, ०००, ०००, आणि शेवटी ०६१. म्हणजे ६१ दिवस थकबाकी. सिबिलच्या अहवालात ही ओळ मागच्या ३६ महिन्यांची दिसते. लाखांची बिले वेळेवर भरणाऱ्या माणसाचा ७७० च्या आसपासचा स्कोअर कपाटात पडून राहिलेल्या एका कार्डाने ७०० च्या खाली आणला होता. थकबाकी तीन दिवसांहून जास्त झाल्याखेरीज ती सिबिलसारख्या क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण ६१ दिवसांपुढे त्या सवलतीचा काय उपयोग? चूक माझीच होती, हे मान्य आहे. मात्र चार कार्डे म्हणजे अशी चूक होण्याच्या चार जागा, हेही त्या दिवशी पटले.

ओडी निर्दोष आहे असे मात्र नाही. मुळात हाताशी ठेव असावी लागते, आणि ती मोडता येत नाही याची रुखरुख राहते. ठेवीची मुदत संपली की मर्यादेचेही नूतनीकरण करावे लागते, त्यासाठी शाखेत एक-दोन चकरा ठरलेल्या. सर्वांत सांभाळायची गोष्ट म्हणजे, मर्यादा काठोकाठ वापरली असेल तर महिनाअखेरीला व्याज पडताच बाकी मर्यादेच्या वर जाते, आणि ओडीचे खातेही अहवालात असल्याने ते डाग पाडू शकते. म्हणून मी मर्यादेचा शेवटचा दहावा हिस्सा कधीच उचलत नाही. ओडीला भरण्याची ठराविक तारीख नसते, त्यामुळे मुद्दल वर्षानुवर्षे तसेच राहण्याचा धोका आहे. ज्यांना तारखेचा धाक लागतो, त्यांना कदाचित कार्डच बरे पडेल.

माझ्या मार्गाने जायचे ठरले, तर सगळी कार्डे एका झटक्यात बंद करू नयेत. एकूण मर्यादा ६ लाख आणि स्टेटमेंटच्या दिवशीची बाकी १ लाख असेल, तर वापर १७ टक्क्यांच्या आत राहतो. कार्डे बंद करून मर्यादा अडीच लाखांवर आली की तीच बाकी ४० टक्के दिसते, आणि ३० टक्क्यांच्या आत राहावे असा सर्वसाधारण संकेत आहे. बिल नंतर पूर्ण भरले तरी स्टेटमेंटच्या दिवशीची बाकीच बहुधा अहवालात जाते. म्हणून मोठी खरेदी झाली की मी स्टेटमेंट निघण्यापूर्वीच थोडी रक्कम भरून टाकतो. सर्वांत जुने कार्ड, त्याला वार्षिक शुल्क नसेल तर, ठेवावे, कारण खात्याचे वयही स्कोअरमध्ये धरले जाते. बाकीची कार्डे बंद करण्याची मागणी लेखी द्यावी. थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेला बंधनकारक आहे, आणि त्यापुढे उशीर झाला तर बँकेकडून ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड मिळतो. माझे एक कार्ड बंद झाल्याचे पत्र घरी आले, तरी अहवालात ते चालूच दिसत होते. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो, तो मी कार्ड बंद झाल्यावर दोन महिन्यांनी मागवला म्हणून हे लक्षात आले.