आर्गनच्या निळ्या बाटल्यात भेसळ

आर्गन वेल्डिंग (आर्गन वायूच्या आवरणाखाली धातू जोडणं) करणाऱ्या छोट्या वर्कशॉपवाल्यांनी हे जरूर वाचावं. आमच्याकडे डेअरीसाठी 304 स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि पाइपलाइन बनतात. नेहमीच्या पुरवठादाराकडे माल नव्हता, तेव्हा एका नव्या विक्रेत्याने बराच कमी दर सांगितला. '99.99 टक्के शुद्ध' असं सर्टिफिकेट दिलं आणि निळे बाटले (सिलेंडर) उतरवून गेला. गेजवर प्रेशर पूर्ण.

काम सुरू झालं तसं टॉर्चमधल्या टंगस्टनच्या सळीचं टोक काळंनिळं पडायला लागलं. एरवी चंदेरी येणारं बीड (जोडावर गोठलेल्या धातूची रेघ) राखाडी, वर काजळी. पाइपच्या आतली हवा हटवायला (पर्जिंगला) तोच गॅस, त्यामुळे आतल्या बाजूला करपलेल्या साखरेसारखे खडबडीत दाणे. अशा जागी दूध अडकतं, धुऊनही नीट निघत नाही आणि तिथेच जंतू वाढतात. लोकांच्या पोटात जाणाऱ्या वस्तूशी हा खेळ होता.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणतो, "तुमच्या वेल्डरचा हात बसलेला नाही." ज्यांचं आयुष्य टॉर्च धरण्यात गेलं त्या आमच्या मिस्त्रींना हे ऐकावं लागलं. त्याचा राग अजून जात नाही. मिस्त्रींनी होज, फ्लोमीटर, टॉर्चची ओ-रिंग, सगळं बदलून पाहिलं. शेवटी शेजारच्या शेडमधून बाटला मागून आणला. तीच टॉर्च, तेवढाच फ्लो, आणि बीड लख्ख!

वितळलेल्या धातूला हवा लागू न देणं हेच आर्गनचं काम. त्यातच हवा मिसळलेली असेल तर कितीही फ्लो वाढवा, उपयोग नाही. हवेत आर्गन जेमतेम 0.93 टक्के, नायट्रोजन 78 टक्के. म्हणून एक महाग आणि दुसरा स्वस्त, आणि भेसळीचा मोह तिथेच.

प्रेशरवरून आत कोणता गॅस आहे ते कळत नाही, वजनावरून बरंच कळतं. 47 लिटरच्या बाटल्यात 150 बारला आर्गन सुमारे 12 किलो बसतो, नायट्रोजन मात्र 8 किलोच्या आसपास. बाटल्यावर रिकामं वजन ठोकलेलं असतं, ते वजा करा. आमच्या बाटल्यांत 10 किलोही भरला नाही. थोडी भेसळ काट्यावर कळणार नाही. त्यासाठी प्रत्येक नवा बाटला लावल्यावर आधी स्टीलच्या स्वच्छ तुकड्यावर टॉर्च स्थिर धरून एक ठिपका वितळवून बघा. काळी भुकटी दिसली किंवा टंगस्टन निळं पडलं, तर तो बाटला जॉबला लावू नका.

नंतर सर्टिफिकेटं शेजारी ठेवून पाहिली. वेगवेगळ्या दिवशी आलेल्या मालावर बॅच नंबर एकच, नुसत्या झेरॉक्स. काही बाटल्यांच्या दाब-टेस्टची मुदतही उलटलेली. सिलेंडर भरायला 'पेसो'चा, म्हणजे स्फोटकं आणि गॅस सिलेंडरवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, परवाना लागतो. तो मागितल्यावर विक्रेत्याने फोन उचलणंच बंद केलं. बाटल्यांचे नंबर, फोटो आणि चलनांच्या प्रती जोडून आम्ही नागपूरला पेसोच्या मुख्यालयात लेखी तक्रार पाठवली आहे. खराब जोड कापून पुन्हा करण्याचा खर्च मात्र आम्हालाच सोसावा लागला.