धुळ्यातलं स्थलांतराचं प्रदर्शन आणि हजेरीपटाची भिंत

मागच्या शनिवारी नणंद सुरतेहून लग्नाला आली होती. तिला घेऊन धुळ्यात भरलेल्या स्थलांतरावरच्या प्रदर्शनाला गेले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतल्या चौदा जणांनी मिळून ते भरवलंय. प्रवेश मोफत, वेळ सकाळी ११ ते रात्री ८. तासाभरात बघून होईल असं वाटलं होतं. बाहेर पडलो तेव्हा दिवे लागले होते, आणि त्यातला निम्मा वेळ मी एकाच भिंतीपुढे उभी होते.

त्या भिंतीवर शाळेचे जुने हजेरीपट उघडून लावलेत. धडगाव तालुक्यातल्या एका शिक्षकाचं हे काम. मुलांची नावं त्याने गोधडीच्या ठिगळांनी झाकलीत, म्हणजे कुणाचं मूल ते कळू नये. गैरहजेरीच्या प्रत्येक खुणेवर लाल दोऱ्याचा टाका घातलाय. जून ते ऑक्टोबर पानं जवळजवळ कोरी. दिवाळी झाली की लाल सुरू होतं. डिसेंबरच्या पानावर तर खालचा कागद दिसत नाही. होळीच्या आसपास चार-पाच चौकटी मोकळ्या सुटतात आणि पुन्हा लाल, थेट एप्रिलपर्यंत.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली २२ अक्कलकुवा तालुक्यात. असली पानं माझ्या हातची आहेत. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की वर्ग अर्धा रिकामा असायचा. विचारलं की उरलेली मुलं एका सुरात सांगायची, "उसाला गेला." तिकडे गुजरातेत बारडोलीच्या बाजूला तोड सुरू झालेली असायची. मुकादमाने आधीच उचल दिलेली असते, ती फेडायला नवरा-बायको जातात. त्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, माणसाची मोजणी अवजाराने. मागे ठेवायला घरात आजी नसेल तर मूलही पडावावर, म्हणजे तोडकऱ्यांच्या तळावर जातं, धाकट्या भावंडाला सांभाळतं, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधू लागतं. पुढे हंगामी वसतिगृहं निघाली, काही मुलं थांबू लागली. पण आईसाठी रडणाऱ्या सहा वर्षांच्या पोराची समजूत काय सांगून काढायची, ते मला शेवटपर्यंत जमलं नाही.

तो शिक्षक तिथेच भेटला. त्याला म्हटलं, एक गोष्ट राहिली. उसावरून परतलेल्या मुलाची पहिली हजेरी मी नेहमी जरा ठळक करायचे. ते मूल दारात दिसलं की सगळा वर्ग उठून उभा राहायचा. तुमच्या भिंतीवर जाणं आहे, येणं फक्त मोकळ्या चौकटीत आहे. तो थोडा वेळ पानांकडे बघत राहिला. म्हणाला, "बाई, त्या चौकटीत हिरवा टाका घालतो." पुन्हा गेले तर बघेन.

नणंदेला मात्र बाकानं धरून ठेवलं. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावरच्या एका बाकाच्या मधूनच सीमा जाते. अमळनेरच्या एका मुलीने तसाच लाकडी बाक करून हॉलच्या मधोमध ठेवलाय. वर बसलं की फलाटावरच्या घोषणा ऐकू येतात: मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी. कानाला यंत्र लावलं तर सुरतेत राहणाऱ्या खानदेशी बायांचं अहिराणी बोलणं ऐकू येतं. उधना ते जळगाव ही तापीकाठची रेल्वे म्हणजे आमच्याकडच्या कितीतरी घरांची सुरतेची वाट. नणंदेचे यजमान लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला लागले तेव्हा तीही याच गाडीने गेली होती, कडेवर मुलगा आणि डोक्यावर पत्र्याची पेटी. बाकावर हात टेकून ती मला म्हणाली, "वहिनी, आठे बस. गाडीले आखो टाईम शे." मी बसले. शेजारी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले, त्यांनी विचारलं, "तुमनं गाव कोनतं?" मग दोघांचं सुरतेतलं उधना, लिंबायत, भाड्याच्या खोल्या, पहिला पगार असं बराच वेळ चाललं. बाक घडवणारी मुलगी बाजूला उभी राहून ऐकत होती. ऐकायचं यंत्र एकच आहे आणि तेही मधूनच बंद पडतं. अजून तीन-चार हवीत.

मोठ्या कॅनव्हासवरची चित्रं मला आवडली नाहीत. सहा-सात चित्रांत तेच: डोक्यावर गाठोडं, पाठमोरी माणसं, पुढे मावळता सूर्य. रंगकाम सफाईदार आहे, शंका नाही. पण एकालाही चेहरा नाही. जाणारा माणूस वळून बघतो. घराची कडी लागली का ते बघतो, ओट्यावर बसलेल्या आईकडे बघतो. ओट्यावरची ती आई तर कुणीच काढलेली नाही. एक ठेलारी मेंढपाळांच्या वाटेवरचं घोंगडं आहे, लोकरीच्या गाठींनी मुक्काम दाखवलेत. ते साधं आणि चांगलं आहे.

सागाच्या फळ्यांबद्दल मात्र माझी तक्रार आहे, ती करणाऱ्याबद्दल नाही, मांडणीबद्दल. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजेच धडगाव) तालुक्यांतली. मणिबेली त्यातलं पहिलं. लोकांनी घरं उकलून वासे-फळ्या पुनर्वसनाच्या वसाहतींत नेल्या. तळोदा तालुक्यातल्या सोमावलला अशी वसाहत आहे. एका पावरा आदिवासी मुलाने आजोबांच्या घराच्या चार फळ्यांवर कोळशाने नदीकाठ काढलाय: आजोबा सांगतील तसा, कुठे मोह, कुठे नावेची जागा. एका फळीवर जुन्या खिळ्यांची भोकं आहेत, त्याने ती चित्रात तशीच ठेवलीत. मी हात लावला, लावायला परवानगी आहे. हे काम बाक आणि कॅनव्हास यांच्या मध्ये टांगलंय आणि खाली फलक 'स्थलांतर'. आमच्या शाळेतली बुडितातली मुलं सांगायची, "आम्हाला उठवलं." माझी नणंद दर श्रावणात कानबाईच्या रोटाला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या सणाला, भाऊबंदांत येते, घर आहे म्हणून येते. त्या आजोबांचा काठ पाण्याखाली आहे. त्या फळ्यांना वेगळी खोली हवी होती आणि फलकावर 'उठवलं' हाच शब्द हवा होता.

फलकांचं एकूणच बघायला हवं. पुस्तकी मराठी, बारीक टाइप, अहिराणी नाही, पावरी नाही. 'हंगामी श्रमिकांचे चक्रीय स्थलांतर' असं वाचून नणंदेने मला विचारलं, हे कोणाबद्दल? तिला ते तिच्या शेजारणीबद्दल आहे हे मी सांगितलं.

प्रदर्शन या महिन्याअखेरपर्यंत धुळ्यात आहे, पुढे नंदुरबारला न्यायचा विचार आहे असं कळलं. अभिप्रायाच्या वहीत मी एवढंच लिहिलं: नंदुरबारला होळीच्या आठवड्यात लावा. आत्ता ऊसतोडीची माणसं बारडोलीकडच्या पडावांवर आहेत. होळीला चार दिवस घरी येतात, बाजाराला नंदुरबारात उतरतात. बाक स्टँडजवळ कुठेतरी ठेवा, म्हणजे पिशव्या घेऊन बसता येईल. आणि हजेरीपट खाली लावा, पोरांच्या उंचीला.