घाटातल्या वळणाला काय लावावं: पत्र्याचा बॅरियर, काँक्रीटची भिंत की दगडी कठडा?

‘घाटात संरक्षक कठडे बसवावेत’ असा ठराव ग्रामसभेत होतो, अर्ज सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जातो. पुढे कधीतरी निधी येतो आणि अंदाजपत्रकात जे लिहिलेलं असेल ते कंत्राटदार लावून जातो. नेमकं काय लावायचं, कुठून कुठपर्यंत लावायचं, हे ठरतं तेव्हा त्या रस्त्यावरून रोज ये-जा करणारं कुणी तिथं नसतं. वास्तविक कुठल्या वळणावर गाडी बाहेर फेकली जाते, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. अर्ज लिहिण्याआधी गावकऱ्यांना, सरपंचांना आणि खात्यातल्या तरुण अभियंत्यांनाही उपयोगी पडावं म्हणून पर्यायांची ही तुलना मांडतो आहे. डोळ्यांसमोर आहेत ते कोकण आणि देश जोडणारे दोन पदरी घाट: आंबेनळी, वरंध, कुंभार्ली, फोंडा, भुईबावडा आणि तसे इतर.

28 जुलै 2018 ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, त्यातून एकच जण वाचला. 15 एप्रिल 2023 च्या पहाटे बोरघाटात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर ढोल-ताशा पथकाच्या मुलांची बस कोसळली आणि 13 जण गेले. घाटातल्या कडेचा विचार करताना भरलेली बस डोळ्यांसमोर ठेवायला हवी, ती यासाठी. गाड्यांच्या जाहिरातीत दिसते ती छोटी कार इथं पुरेशी नाही.

आधी एक प्रश्न: तिथं बॅरियर हवाच आहे का?

बॅरियर ही स्वतःच रस्त्याकडेची एक टणक वस्तू आहे. गाडी त्यावर आदळली तरी माणसं जखमी होतात. म्हणून पलीकडे जे आहे ते आदळण्यापेक्षा वाईट असेल, तिथंच तो लावायचा. दोन पदरी महामार्गांसाठीच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत, म्हणजे आयआरसी एसपी 73 मध्ये, याची सरळ मोजपट्टी आहे. भराव 3 मीटरपेक्षा उंच असेल तिथं बॅरियर हवा. वळणाची त्रिज्या 450 मीटरपर्यंत असेल तर पूर्ण वळणावर हवा, शिवाय वळण सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर आणखी 20-20 मीटर. घाटातली नागमोडी वळणं या मोजपट्टीत सहज बसतात, तेव्हा ‘नियमात नाही’ हे उत्तर घाटाबाबत मान्य करू नका.

सपाटीवर मात्र उलट. शेताच्या बांधालगत, भराव फूट-दोन फूट असेल तिथं बॅरियर मागण्यापेक्षा साइडपट्टी भरून घ्या, कडेचं झाड किंवा खांब असेल तर त्याला परावर्तक लावून घ्या. तोच पैसा घाटात जास्त जीव वाचवील.

पत्र्याचा बॅरियर

सगळीकडे दिसतो तो हाच. दोन पन्हळींचा, जस्त चढवलेला 3 मिलिमीटर जाडीचा पत्रा, दर 2 मीटरवर खांब, जमिनीपासून साधारण 70 सेंटिमीटर उंची. याची मोठी खूबी म्हणजे तो वाकतो. गाडीचा जोर पत्रा, खांब आणि खांबाखालची माती मिळून जिरवतात आणि गाडी रस्त्याला समांतर वळवली जाते. आतल्या माणसांना बसणारा धक्का काँक्रीटपेक्षा कमी असतो. एखादा भाग चेपला तर तेवढाच बदलता येतो. पावसाचं पाणी खालून निघून जातं, आणि कोकणच्या पावसात ही गोष्ट लहान नाही.

पण त्याचं सगळं बळ मातीत आहे. प्रचलित नमुन्यात खांबाची एकूण लांबी 1.8 मीटर आणि त्यातली 1.1 मीटर जमिनीत. खांबामागे निदान 60 सेंटिमीटर घट्ट माती हवी, तरच तो धक्क्याला टेकू देतो. आपल्या घाटांत नेमकी हीच जागा नसते. डांबर संपतं तिथंच कडा ढासळलेली असते आणि खांब त्या ढिसाळ मुरमात, दरीच्या तोंडावर उभे असतात. असा खांब हातानं हलवून पाहा. हातानं हलत असेल तर गाडीपुढे तो काय टिकणार? अशा ठिकाणी आधी खालून संरक्षक भिंत बांधून कडा भरून घ्यायला हवी, नाहीतर बॅरियर थेट त्या भिंतीच्या माथ्यावर नांगरायला हवा. याचा खर्च बॅरियरपेक्षा बराच जास्त येतो, म्हणून अंदाजपत्रकातून तो पहिल्यांदा कापला जातो. माझ्या मते भांडायचं ते याच कलमासाठी.

दुसरी मर्यादा ताकदीची. पत्र्याच्या बॅरियरचेही प्रकार आहेत. युरोपीय मानकातल्या एन2 पातळीची चाचणी 1,500 किलोची कार ताशी 110 किलोमीटर वेगानं 20 अंशांत आदळवून होते. एच2 पातळीची चाचणी 13 टनांच्या बसनं होते, ताशी 70 किलोमीटरला आणि त्याच कोनात. बॅरियरवर येणाऱ्या जोराचा हिशेब केला तर दुसरी चाचणी पहिलीच्या सुमारे साडेतीन पट कठीण आहे. दोन्ही बॅरियर लांबून बहुतेक सारखेच दिसतात. ‘क्रॅश बॅरियर बसवला’ एवढ्यावर समाधान मानू नका, तो कुठल्या पातळीचा आहे ते लेखी विचारा. ज्या घाटातून एसटी आणि भरलेले ट्रक जातात, तिथं दरीच्या बाजूला एच2 किंवा तीन पन्हळींचा भक्कम प्रकार मागणं अवाजवी नाही.

काँक्रीटची भिंत

खाली रुंद, वर निमुळती अशी ही भिंत, उंची साधारण 80 सेंटिमीटर. गाडी लहान कोनात घासली तर चाक उतारावर थोडं चढतं आणि गाडी परत रस्त्यावर येते. भिंत हलत नाही, त्यामुळे मागे जागा नसली तरी चालते. जड वाहनं रोखण्यात ती पत्र्यापेक्षा भरवशाची, अर्थात पायाशी सळईनं नीट नांगरलेली असेल तर. चोरी होत नाही, गंजत नाही, लहानसहान धडकेनंतर दुरुस्ती लागत नाही. दुरुस्तीसाठी महिनोन् महिने कुणी फिरकत नसेल अशा घाटात हा गुण फार मोलाचा आहे.

उणी बाजू अशी की ती काहीच जिरवत नाही. मोठ्या कोनात, म्हणजे जवळजवळ समोरून आदळलं, तर सगळा धक्का गाडीला आणि आतल्यांना बसतो. त्यामुळे जिथं वेग जास्त आणि रस्ता सरळ, तिथं मी ती निवडणार नाही. अरुंद घाटात वळणावर वेग कमी असतो आणि पलीकडे शे-दोनशे फूट खोली असते, तिथं हिशेब बदलतो.

आणि पाणी. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भिंतीच्या तळाशी पुरेशी भोकं नसतील तर रस्त्याचाच ओढा होतो, आणि एका भोकातून जोरात पडणारं पाणी खालची कडा खात जातं. दोन-चार पावसाळ्यांत भिंतीखाली पोकळी तयार होते. वरून पाहणाऱ्याला भिंत ठणठणीत दिसते. म्हणून काँक्रीटची भिंत मागताना त्याच ओळीत भोकं आणि डोंगराच्या बाजूचं गटारही मागा.

दगडी कठडा

जुन्या घाटांची ही ओळख. दगड-चुन्याचे किंवा दगड-सिमेंटचे, पांढरे-काळे रंगवलेले, मध्ये फटी सोडलेले. रात्री आणि धुक्यात कडा कुठं आहे हे ते छान दाखवतात, बैलगाडीच्या आणि रेंगाळणाऱ्या लॉरीच्या काळात तेवढं पुरतही होतं. आजच्या बसला ते थांबवत नाहीत. उंची अपुरी, आत सळई नाही, आणि धक्का बसला की तुकडे सुटून कठड्यासकट सगळं खाली जातं. मधली फट तर आणखी वाईट, कारण कठड्याचं उघडं टोक गाडीच्या समोर येतं.

तरी ‘स्थानिक दगड, स्थानिक गवंडी, कमी खर्च’ म्हणून आजही नवे कठडे बांधले जातात. खोल दरीच्या वळणावर मी याला ठाम नकार देईन. असलेले पाडायची मात्र गरज नाही. ते रंगवत राहावेत, त्यांच्यावर परावर्तक लावावेत आणि जिथं खरी खोली आहे तिथं त्यांच्या पुढून सलग बॅरियर घ्यावा.

इतर पर्याय, थोडक्यात

तारदोराचा बॅरियर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बसवला गेला आहे. ताणलेले पोलादी दोर गाडीला अलगद अडवतात, पण तसं करताना ते चांगले दोन मीटरपर्यंत बाहेर झुकतात. घाटात मागे तेवढी जागा म्हणजे हवा. तीव्र वळणावर दोरांचा ताणही टिकत नाही. घाटासाठी हा पर्याय सोडून द्या.

विदर्भातल्या वणी-वरोरा महामार्गावर मार्च 2023 मध्ये ‘बाहुबली’ नावाचा बांबूचा बॅरियर 200 मीटर लांबीत बसला. बांबूवर क्रिओसोट (लाकूड टिकवणाऱ्या) तेलाची प्रक्रिया आणि वरून प्लास्टिकचं आवरण अशी त्याची रचना. बांबू पिकवणाऱ्या भागासाठी ही आनंदाची गोष्ट आहे आणि सपाट मुलखातल्या भरावांवर तो वापरून पाहायला हरकत नाही. सह्याद्रीच्या पावसात, बसच्या वजनापुढे, दरीच्या काठावर तो पहिल्यांदा आजमावू नये.

फिरत्या रबरी रोलरचे बॅरियर व्हिडिओंमुळे लोकांना फार आवडतात. महाग आहेत. एकाच घातक वळणासाठी विचार करता येईल, संपूर्ण घाटासाठी नाही.

दुचाकीवाल्यांचं काय?

2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांतली सुमारे 44 टक्के दुचाकीवर होती. बॅरियरच्या चर्चेत ती जवळजवळ नसतातच. घसरलेला दुचाकीस्वार जमिनीलगत सरकत येतो, पत्र्याच्या खालून जातो आणि खांबावर आपटतो किंवा थेट दरीत जातो. या एका बाबतीत काँक्रीटची सलग भिंत उजवी ठरते, निदान ती त्याला आत ठेवते. पत्र्याच्या बॅरियरला खाली आणखी एक पट्टी जोडून खांब झाकता येतात. अनेक देशांत तसं करतात. आपल्याकडे कॉलेजची मुलं ज्या घाटातून रोज दुचाकीवर जातात, तिथल्या दोन-तीन वळणांवर तरी ही पट्टी मागायलाच हवी.

टोकं

बॅरियर मधे कितीही चांगला असो, त्याचं टोक चुकलं तर तोच भाला होतो. माशाच्या शेपटीसारखं पसरट, उघडं टोक येणाऱ्या गाडीच्या दिशेनं ठेवलेलं तुम्ही पाहिलंच असेल. समोरून गाडी आली तर तो पत्रा बॉनेट फाडून आत घुसतो. टोक डोंगराच्या कापात नेऊन गाडलेलं हवं किंवा रस्त्यापासून दूर वळवून नांगरलेलं हवं. तेही शक्य नसेल तर धक्का जिरवणारं खास टोक बसवावं. मोरीपाशी आणि पुलापाशी पत्रा व काँक्रीट मजबूत जोडलेले हवेत. तिथं फट राहिली की कठड्याचं टोक मोकळंच. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर गाडी आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. तो तर राष्ट्रीय महामार्ग होता. खेड्यातल्या मोऱ्यांची तशी टोकं मोजायला गेलं तर प्रत्येक घाटात सापडतील.

माझी निवड

एसटी जाणाऱ्या, दुरुस्तीची खात्री नसलेल्या दोन पदरी घाटात मी सगळीकडे एकच प्रकार लावणार नाही. सर्वांत खोल दरीच्या तीव्र वळणांवर, जिथं कडेला माती उरलेली नाही, तिथं नांगरलेली काँक्रीटची भिंत, पाण्याच्या भोकांसह. कडेला पुरेशी जागा आहे त्या लांबीत एच2 पातळीचा पत्र्याचा बॅरियर. पैसे कमी पडले तर लांबी कमी करीन, दर्जा नाही. तीन किलोमीटर लेचापेचा पत्रा लावण्यापेक्षा सहा वळणं पक्की करणं केव्हाही बरं. आणि ज्या घाटात बस नाही, फक्त गाड्या आणि दुचाकी आहेत, तिथं साधा पत्र्याचा बॅरियर खालच्या पट्टीसह पुरेसा आहे.

काम सुरू झालं की चार गोष्टी गावकऱ्यांना स्वतः पाहता येतात. पत्र्यांची एकमेकांवरची चढ वाहतुकीच्या दिशेनं आहे का, म्हणजे गाडीला पुढच्या पत्र्याची कड लागत नाही ना. जोडातले सगळे नटबोल्ट बसले आहेत का. खांब पुरता जमिनीत गेला आहे की खडक लागला म्हणून वरून कापला आहे. हे शेवटचं फार होतं, आणि बसवून झाल्यावर कळत नाही, म्हणून खांब ठोकताना तिथं उभं राहायला हवं. चौथी गोष्ट नंतरची: डांबराचा नवा थर पडला की रस्ता वर येतो आणि बॅरियर बुटका होतो. टेप लावून उंची मोजा, कमी भरली तर बॅरियर उचलून घ्यायला सांगा.

अर्ज नुसता भावनेवर चालत नाही. सलग सुमारे 500 मीटर लांबीत तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमा झालेले 5 अपघात, किंवा 10 मृत्यू, असतील तर ती जागा राष्ट्रीय महामार्गांच्या निकषानं अपघातप्रवण स्थळ ठरते. पोलीस ठाण्यातून गुन्ह्यांची नोंद घ्या, वळणांचे फोटो आणि किलोमीटरचा दगड लिहा आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीलाही द्या. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 198ए नुसार, सुरक्षेची मानकं न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर रस्त्याची जबाबदारी असलेली यंत्रणा आणि कंत्राटदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या कलमाचा उल्लेख अर्जात करा. आणि निविदेत दोष-दायित्वाच्या काळात, म्हणजे कामातल्या दोषांची जबाबदारी कंत्राटदारावर असते त्या मुदतीत, धडकेनं चेपलेला भाग किती दिवसांत बदलायचा ते लिहून घ्या, कारण तुटलेला बॅरियर दोन पावसाळे तसाच राहिला तर त्या वळणावर तो नसल्यासारखाच आहे.