राणीछाप कलदार की गांधी शताब्दीचे दहा रुपये?

चांदीची जुनी नाणी जमवण्याचे ज्याच्या मनात आले आहे, त्याला वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यापाड्यांत बहुधा दोनच वाटा दिसतात. एक राणीछाप आणि राजाछाप कलदार रुपयांची, म्हणजे इंग्रजी अमलात व्हिक्टोरिया राणीच्या आणि तिच्यानंतरच्या राजांच्या छापाने निघालेल्या चांदीच्या रुपयांची, दुसरी स्वतंत्र भारताच्या स्मारक नाण्यांची. आणि या दुसरीत सर्वांत सहज भेटणारे नाणे म्हणजे १९६९ साली महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेले दहा रुपयांचे. मी दोन्ही वाटांनी चालून पाहिले आहे, आणि पैसा व कपाटातील जागा या दोहोंची मर्यादा असल्यामुळे अखेर एकच पुढे चालू ठेवली. ज्यांना अजून ठरवायचे आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे.

इतिहास हीच कसोटी मानली, तर कलदाराशी स्पर्धा करणे कठीण आहे. इंग्रजांनी १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड आपल्या कारभाराखाली घेतले आणि पुढच्याच वर्षी भोसल्यांचे नागपूरचे राज्य खालसा केले, त्यानंतर हा रुपया इकडे स्थिरावला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तिकडचा कापूस इंग्लंडला पोहोचेना, तेव्हा हिंगणघाट आणि अमरावतीच्या कापसाला कधी नव्हे इतका भाव आला आणि त्या मोबदल्यात चांदी या मुलखात आली. म्हणूनच १८६२ सालचा रुपया आपल्याकडील जुन्या घरांतून एवढा निघतो, असे मला वाटते. अर्थात त्याला आणखी एक कारण आहे, जे नवख्याला ठाऊक नसते: १८६२ हेच साल कोरलेले रुपये टाकसाळीत १८७४ पर्यंत पाडले जात होते. राणीने सम्राज्ञीपद धारण केले ते १८७७ मध्ये. त्या वर्षापासून नाण्यावरची पदवीही बदलली. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयाची कथा तर सगळ्यांना आवडते. राजाच्या झग्यावरील हत्ती एवढा आखूड सोंडेचा कोरला गेला होता की लोकांना तो डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि पुढच्या वर्षीपासून तो सुधारावा लागला. ज्याला कथा हवी, त्याला या मालिकेत वर्षानुवर्षे पुरेल एवढे आहे.

गांधी शताब्दीच्या नाण्याजवळ एवढ्या गोष्टी नाहीत, पण जी आहे ती आपल्या अंगणातील आहे. ज्या माणसाचा चेहरा त्या नाण्यावर आहे, त्याने १९३६ पासून सेवाग्रामला मुक्काम केला होता, आणि वर्धा जिल्ह्यातील अनेक घरांत त्याला प्रत्यक्ष पाहिलेली माणसे होती. स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ चे, नेहरूंचे. पण ते निकेलचे होते. दहा रुपयांचे हे नाणे चांदीत निघालेले पहिले. त्यावर १९६९ हे साल कोठेही नाही, फक्त १८६९-१९४८ असे आहे, आणि बाजारातले काही विक्रेते एवढ्यावरून ते नाणे १९४८ सालचे असल्याचे बिनदिक्कत सांगतात. त्याच प्रसंगी निघालेले पितळी रंगाचे वीस पैसे आणि निकेलचे पन्नास पैसे व एक रुपया आजही स्वस्तात मिळतात, म्हणजे छोटा संच लवकर पुरा होतो.

चांदीचा हिशेब थोडक्यात सांगतो. कलदार ११.६६ ग्रॅमचा, एक तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. गांधींचे नाणे १५ ग्रॅमचे, ८० टक्के चांदीचे. शुद्ध चांदी १२ ग्रॅम. १९७० चे ‘सब के लिए अन्न’ हे नाणेही याच मापाचे आहे. १९७२ चे, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे दहा रुपये मात्र हातात जड लागतात, २२ ग्रॅमहून अधिक, पण चांदी निम्मीच. म्हणजे मोठे नाणे असूनही चांदी गांधींच्या नाण्यापेक्षा थोडी कमीच भरते. आकारावर भुलून त्याला जास्त मोल देऊ नये. तालुक्याच्या सराफाकडे अशा नाण्यांचा भाव बहुतेक वेळा मोडीच्या चांदीप्रमाणे, टंच (चांदीचा कस) पाहून लागतो, म्हणून हा फरक केवळ पुस्तकी नाही. १९४० पासूनच्या षष्ठ जॉर्जच्या रुपयांतही चांदी निम्म्यावर आलेली आहे, आणि १९४७ चे रुपये तर निकेलचे आहेत; खिशात एक लहान लोहचुंबक ठेवले तर निकेलचा रुपया त्याला चिकटतो आणि फसवणूक टळते.

एवढे सगळे पाहूनही मी कलदार सोडला असता असे नाही. मला जी गोष्ट खुपत राहिली ती वेगळीच होती: कडी. आमच्याकडे जुन्या काळी रुपया गळ्यात घालायचा दागिना होता. बंजारा आणि गोंड स्त्रियांच्या हारांत रुपये असत, आणि कुणब्या-तेल्यांच्या घरीही लेकरांच्या गळ्यात एखादा रुपया असायचा. त्यासाठी रुपयाच्या माथ्यावर डाग देऊन, म्हणजे धातू वितळवून जोड लावून, कडी बसवलेली असे. पुढे हार मोडला, रुपये सुटे झाले, आणि विकण्याआधी कडी काढून कानसेने तो भाग घासला गेला. राणीच्या मुकुटाच्या अगदी वर, काठावरचे दाते नाहीसे झालेले आणि बोट फिरवले की लागणारा एक सपाट पट्टा, असे रुपये मला खरेदीला निघालो की हमखास दाखवले जायचे. जवळून पाहिल्यावर डागाची पिवळसर झाक राहिलेली दिसे, आणि आच लागल्यामुळे आजूबाजूची चांदी कळाहीन झालेली असे. एकदा कडी असलेलाच रुपया मी नाकारला, तेव्हा सोनाराने मोठ्या मनाने सांगितले, “कडी काढून देतो ना काकाजी, मालूमबी पडणार नाही.” त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होते, दागिन्याच्या व्यवहारात एवढे करणे म्हणजे सौजन्य.

ज्यांना कडी नव्हती, त्यांची दुसरी कथा. दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या आधी चिंचेने, राखेने, अलीकडे पितळ उजळण्याच्या भुकटीने ते घासले जात, आणि अशा कित्येक दिवाळ्या सोसल्यावर राणीच्या केसांच्या बटा व झग्याची नक्षी गुळगुळीत होऊन जाते. त्यातच बनावट रुपयांचीही भर आहे. वजन पाच-दहा टक्क्यांनी कमी भरले किंवा काठावर ओतकामाची रेघ दिसली, की परत द्यावे. आपल्या भागात बिनडागी, बिनघासलेला राणीछाप रुपया मिळतच नाही असे मी म्हणणार नाही, पण मला तो क्वचित मिळाला, आणि मिळाला तेव्हा विकणाऱ्यालाही त्याची किंमत चांगली ठाऊक होती.

गांधींच्या नाण्याला हा त्रास फारसा झाला नाही. ते आले तेव्हा गळ्यात रुपया घालण्याची रीत ओसरू लागली होती. ३४ मिलिमीटरचे हे नाणे तसे मोठेही आहे. लोकांनी ते बँकेतून दहा रुपयांना आणले, एखाद्या लग्नात आहेर म्हणून दिले, नाहीतर कागदात गुंडाळून पेटीत ठेवले. पूजेत ते बसले आणि घासलेही गेले, हे खरे आहे, पण निदान मी पाहिलेल्यांपैकी बऱ्याच नाण्यांवर गांधींच्या चष्म्याची काडी आणि मिशीचे केस स्पष्ट उरलेले आहेत. कडीचा डाग असलेले मला आठवत नाही.

म्हणून, माझे मत विचाराल तर नव्या माणसाने गांधींपासून सुरुवात करावी, त्यात १९७० व १९७२ ची भर घालावी आणि कलदाराकडे नंतर वळावे. ज्यांच्या घरात आजीच्या हातचे कलदार आधीच आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. ते जसे आहेत तसे, कडीसकट ठेवावेत. नांगराला लागलेले किंवा जुन्या भिंतीत सापडलेले रुपये मात्र सरळ खिशात घालू नयेत, कारण १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे असे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

घेतलेले नाणे काळे पडले तर पडू द्यावे, घासू नये. पावसाळ्यात रबरबँडमध्ये बांधून किंवा मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवल्यास ते लवकर बिघडते. साधा कोरा कागद आणि झाकणाचा डबा पुरतो. मुंबईच्या टाकसाळीची खूण बारीक हिऱ्याची असते, कोलकात्याची खूणच नसते, आणि दोन्ही जवळ असावीत अशी इच्छा पहिले नाणे घेतल्यावर महिनाभरातच होते.