प्रवासाला आणि सुतारकामाला एकच टॅब? आधी चार्जिंग पोर्ट बघा

प्रोसेसर, रॅम, रिफ्रेश रेट हे सगळं तुम्ही वाचलेलंच असणार, म्हणून ते पुन्हा सांगत नाही. मला लिहायचं आहे ते चार्जिंग पोर्टबद्दल. बाकी सगळं ठणठणीत असलेला टॅब त्या एका जागेमुळे बंद पडला आणि सर्व्हिस सेंटरने त्यासाठी नव्या टॅबच्या जवळजवळ एक तृतीयांश किमतीचा खर्च सांगितला. त्या दिवसापासून टॅब निवडण्याचं माझं गणितच बदललं आहे.

माझा टॅब मधल्या किमतीचा आहे. ११ इंची, १६:१० आकाराचा पडदा, मेमरी कार्डाची जागा, हेडफोनचा जॅक, आणि खोक्यावर आयपी५२ हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा ठळक छापलेला. प्रवासात चित्रपट-मालिका बघायच्या, एरवी सुतारकामाच्या टेबलावर नकाशे, कापायच्या तुकड्यांची यादी आणि लाकडाच्या सांध्यांचे व्हिडिओ समोर ठेवायचे, अशी दुहेरी गरज होती. दोन कामांसाठी दोन यंत्रं विकत घेणं मला पटत नाही. एका यंत्रात भागत असेल तर भागवावं.

पहिले काही महिने तक्रारीला जागा नव्हती. मग चार्जिंग लहरी झालं. केबल लावावी तर कधी चिन्ह उमटायचं, कधी नाही. केबल जरा वर उचलून धरली की सुरू, हात काढला की बंद. दुसरी केबल, दुसरा चार्जर, यंत्र बंद करून पुन्हा चालू, सगळं करून झालं. शेवटी एका लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री चार्जिंग पूर्ण थांबलं आणि तो प्रवास मी टॅबशिवाय केला.

सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने पोर्टात टॉर्चसुद्धा न मारता निदान सांगितलं: चार्जिंगचा बोर्ड गेला, धूळ गेली म्हणजे बाहेरून झालेलं नुकसान, वॉरंटीत बसत नाही. मी खोक्यावरचं आयपी५२ दाखवलं. आयईसी ६०५२९ या मानकात पहिला आकडा धुळीचा असतो आणि दुसरा पाण्याचा. ५ म्हणजे धूळ शंभर टक्के अडत नाही, पण यंत्राच्या कामात अडथळा येईल इतकी आत जाता कामा नये. ६ म्हणजे अजिबात आत जाणार नाही. मग माझ्या यंत्राच्या कामात अडथळा आला कसा, एवढाच माझा प्रश्न होता. उत्तर मिळालं की ते संरक्षण यंत्राच्या कवचाच्या आतल्या भागाचं आहे, आणि पोर्टची पोकळी कवचाच्या बाहेर धरली जाते.

तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे, आणि खरेदी करणाऱ्याने सगळ्यात आधी समजून घ्यावं असं हेच आहे. आयपी६८ वाल्या महागड्या टॅबचा पोर्टसुद्धा उघडाच असतो. धूळ त्यातून पुढे सर्किटपर्यंत पोहोचणार नाही, पण पोर्टात साचायला तिला कुणी अडवत नाही. जाहिरातीत पाण्याखाली ठेवलेला टॅब दाखवतात. भुशाने भरलेला पोर्ट मी तरी एकाही जाहिरातीत पाहिलेला नाही.

बोर्ड बदलायला मी नकार दिला आणि पोर्ट भिंगाखाली माझ्यासमोर तपासा म्हणून अडून बसले. बरीच घासाघीस झाली. अखेर आतल्या तंत्रज्ञाने तो तपासला आणि तळातून बारीक भुशाची दाबून घट्ट झालेली चकती काढली. केबल खट्कन बसली, चार्जिंग सुरू. बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं. तपासणीचं शुल्क मात्र घेतलंच. ते मी भरलं, पण पावतीवर ‘कोणताही भाग बदललेला नाही’ असं लिहून घेतल्यावर. वॉरंटी शिल्लक असेल तर तुम्हीही हे लिहून घ्या. नाहीतर पुढच्या वेळी यंत्र आधी उघडलं होतं असं कारण पुढे येऊ शकतं.

चकती तयार कशी होते ते सांगते. यूएसबी-सीच्या पोर्टात मधोमध एक पातळ जीभ असते, तिच्या दोन्ही बाजूंना मिळून २४ संपर्क. केबलचं टोक त्या जिभेभोवती बसतं. पोर्टात पडलेला भुसा बाहेर यायला वाव नसतो, आणि आपण प्रत्येक वेळी केबल लावताना तो तळाशी आणखी ठासतो. थर जाड झाला की केबल शेवटचा अर्धा मिलिमीटर आत जात नाही. ती अडकून बसत नाही आणि संपर्क तुटक होतो. या जोडणीचं आयुष्य १०,००० वेळा लावण्या-काढण्याचं धरलेलं आहे, पण ते स्वच्छ पोर्टचं.

सगळा भुसा सारखा त्रास देत नाही. रंध्याच्या सालपटांनी काही होत नाही, ती पोर्टात शिरतच नाहीत. करवतीचा भुसाही बऱ्यापैकी जाड असतो. खरा त्रास सँडरचा, म्हणजे लाकूड घासणाऱ्या मशीनचा, त्यातही १८० किंवा २२० नंबरचा पॉलिश पेपर लावला असेल तर, आणि सगळ्यात जास्त एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा. एमडीएफ कापताना किंवा त्यावर राउटर, म्हणजे लाकूड कोरणारं मशीन, फिरवताना पिठीसारखी धूळ उडते आणि मशीन बंद झाल्यावरही बराच वेळ हवेत तरंगत राहते. ती टॅबआधी आपल्या फुप्फुसात जाते. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग घडवते असं सिद्ध झालेल्या गोष्टींत. मास्क आणि धूळ ओढणारं मशीन आधी घ्या, टॅब नंतर.

पोर्ट साफ करायचा तर टॅब पूर्ण बंद करा. लाकडी टूथपिक ब्लेडने तासून चपटी करा आणि पोर्टच्या कडेकडेने तळ हलकेच खरवडा, मधल्या जिभेला न लावता. सुई किंवा टाचणी नको, संपर्क शॉर्ट होऊ शकतात आणि जीभ मोडली तर बोर्ड खरोखरच बदलावा लागतो. कॉम्प्रेसरच्या हवेचा झोतही नको. तो हाताशी असतो म्हणून मोह होतो, पण त्या हवेबरोबर पाणी आणि तेलाचे कण येतात, शिवाय धूळ स्पीकरच्या जाळीतून आत ढकलली जाते. पटाशीला धार लावताना टॅब दुसऱ्या टेबलावर ठेवा. स्पीकरमध्ये आणि बहुतेक कव्हरांत चुंबक असतात, त्यावर लोखंडाचा कीस चिकटतो आणि निघता निघत नाही.

हे सगळं झाल्यावर मजबूत टॅबच घ्यावा असं मनाने घेतलं होतं. सॅमसंगची गॅलेक्सी टॅब ॲक्टिव्ह ही मालिका अशाच कामासाठी आहे: बॅटरी स्वतः काढून बदलता येते, आणि कडेला असलेल्या पोगो पिनवर, म्हणजे स्प्रिंगच्या उघड्या संपर्कांवर, डॉक नावाच्या स्टँडमधून चार्जिंग होतं, म्हणजे पोर्ट कायम झाकून ठेवता येतो. माझ्या तक्रारीवरचं हे नेमकं उत्तर. मी जवळजवळ ठरवलंच होतं. मग फुटपट्टी घेऊन पडद्यांचा हिशेब केला आणि विचार बदलला.

हिशेब असा. सुतारकामाचे बरेच नकाशे ए४ पानावर असतात. ११ इंची १६:१० पडद्याची रुंदी सुमारे १४८ मिमी, म्हणजे उभा धरला तर ए४ पान बरोबर ए५ आकारात दिसतं. मापं हातभर अंतरावरून वाचता येतात. २०२४ सालच्या टॅब ॲक्टिव्ह ५ चा पडदा ८ इंची आहे. त्यावर तेच पान निम्म्या लांबी-रुंदीत येतं आणि मापं वाचायला दर वेळी बोटांनी मोठं करावं लागतं, हाताला गोंद लागलेला असताना. त्याच मालिकेत १०.१ इंची मॉडेल आहे, पण ते साडेसहाशे ग्रॅमच्या वर जातं. कामाच्या टेबलावर वजनाने फरक पडत नाही. झोपून चित्रपट बघताना नक्की पडतो.

आयपॅडचा पडदा ए४ च्या आकाराला जास्त जवळचा आहे असं लोक सांगतात, ते खरं आहे. १०.९ इंची आयपॅडवर ए४ पान सुमारे ७५ टक्के लांबी-रुंदीत दिसतं, माझ्या ११ इंचीवर ७० टक्के. चित्रपटात उलट: १६:९ चं चित्र माझ्याकडे सुमारे २३७ मिमी रुंद, आयपॅडवर २२७. दोन्ही फरक इतके लहान आहेत की निव्वळ आकारावरून जास्त पैसे मोजू नयेत. पण आयपॅडसाठी सुतारकामाचं त्रिमितीय आरेखन करणारी स्केचअप आणि शॅपरथ्रीडी ही ॲप आहेत. टॅबवरच नकाशा काढायचा असेल तर तेवढ्या एका कारणाने मी आयपॅड घेईन. मी नकाशे कागदावर काढते, मला ती गरज नाही.

पडद्याबद्दल एक गोष्ट अपेक्षेपेक्षा खूपच चांगली निघाली. आताचे पडदे बोटाने होणारा विद्युत क्षेत्रातला बदल ओळखतात, त्यामुळे वर पसरलेला कोरडा भुसा त्यांना जाणवतच नाही. ओला गोंद आणि घाम मात्र चालत नाही. बोट नसलेल्या जागी दाबलं जातं, व्हिडिओ भलतीकडे उडी मारतो. यावर झिपची पातळ प्लास्टिक पिशवी उत्तम आहे. पिशवीवरून पडदा व्यवस्थित चालतो आणि पोर्ट, स्पीकर, जॅक सगळं एकदम झाकलं जातं. पिशवीत चार्जिंग करू नका, उष्णता कोंडते आणि लिथियम बॅटरीचं आयुष्य उष्णतेनेच कमी होतं. आवाज दबतो हे खरं, पण सँडर चालू असताना कानावर संरक्षक असायलाच हवेत. मी सबटायटल लावून बघते, तेही मशीन पूर्ण थांबल्यावर. करवत फिरत असताना नजर पडद्यावर जाता कामा नये, म्हणून टॅब मशीनच्या समोर ठेवतच नाही.

पिशवी सापडल्यावर महागड्या मजबूत टॅबची गरज उरली नाही. सोबत पोर्टसाठी सिलिकॉनची बुचं घेतली, मूठभर बुचं एका केबलच्या किमतीत येतात. चुंबकाने चिकटणारी चार्जिंगची टोकं मात्र घेऊ नका. मीही ती वापरून पाहिली. कायम पोर्टात बसलेल्या टोकामुळे भुसा आत जात नाही, कल्पना चांगली आहे, पण उघड्या चुंबकी पृष्ठभागावर लोखंडाचा कीस चिकटतो आणि संपर्क तापतो. अशी टोकं यूएसबीच्या मानकात बसत नाहीत. आठवडाभरात काढून टाकली.

प्रवासाच्या बाबतीत टॅबने एकदाही निराश केलं नाही, त्यामुळे तिथे सांगण्यासारखं थोडंच आहे. घेण्याआधी वाइडवाइन एल१ आहे का ते तपासा; वाइडवाइन म्हणजे चित्रपटांची नक्कल रोखणारी गूगलची प्रणाली, आणि एल१ ही तिची सगळ्यात वरची पातळी. नसेल आणि फक्त एल३ असेल, तर पडदा कितीही चांगला असला तरी चित्रपट-मालिकांची मोठी ॲप एचडी चित्र देत नाहीत. उतरवून ठेवलेल्या चित्रपटांना मुदत असते, काहींची तर बघायला सुरुवात केल्यापासून ४८ तासांत संपते, म्हणून जाताना सुरू केलेला चित्रपट परतीसाठी अर्धा ठेवू नका. हेडफोनचा जॅक असलेला टॅब मिळत असेल तर तोच घ्या. जॅक नसेल तर एकाच पोर्टावर चार्जिंगही आणि तारेचे हेडफोनही, आणि त्या पोर्टावरचा ताण आणखी वाढतो. विमानात पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवायची, १०० वॉट-अवरपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-अवरची असते, म्हणजे निर्धास्त नेता येते.

नवा टॅब बघत असाल तर दुकानात विचारण्यासारखा माझ्या मते एकच प्रश्न आहे: चार्जिंग पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर आहे की मुख्य बोर्डाला डाख देऊन जोडलेला आहे? वेगळ्या बोर्डावर असेल तर पोर्ट खराब झाला तरी तेवढाच भाग बदलतो. मुख्य बोर्डावर असेल तर कुशल कारागीर शोधावा लागतो किंवा अख्खा बोर्ड बदलण्याचा खर्च येतो. विक्रेत्याला उत्तर माहीत नसेल तर त्या मॉडेलचा दुरुस्तीचा व्हिडिओ शोधा, दोन मिनिटांत दिसतं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या टॅबसाठी नियम आहे की विक्री थांबल्यावरही ७ वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि बॅटरीने ८०० वेळा चार्ज झाल्यावर किमान ८० टक्के क्षमता टिकवली पाहिजे. तिथे विकलं जाणारं मॉडेल घेतलं तर निदान भाग तयार होत राहतील याची शक्यता वाढते.

माझा टॅब सध्या पिशवीत आणि बूच लावून रोज कामाच्या टेबलावर असतो. चार्जिंग घरात, भुशापासून लांब. दर महिन्याला एकदा टॉर्च मारून पोर्ट बघते, आणि सर्व्हिस सेंटरनंतर त्यात खरवडण्याइतकं काही साचलेलं नाही. पाचपैकी चार तारे देते. कापलेला एक तारा त्या बुचासाठी आहे, जे कंपनीने खोक्यात स्वतःहून द्यायला हवं होतं.