विंडोज ११ : आहे त्यावर चढवायचं की फॉर्मॅट मारायचा?

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तेव्हापासून सेवा केंद्र असो, कृषी केंद्र असो की शाळेचं ऑफिस, प्रश्न एकच: विंडोज ११ आहे त्याच्यावर चढवायचं, की सगळं पुसून नव्याने टाकायचं? वेळ कशात कमी लागतो यावर हे ठरवू नका. कोणता प्रोग्राम गेला तर परत मिळेल आणि कोणता मिळणार नाही, ते आधी बघा.

लोकांना सगळ्यात जास्त काळजी असते लॅपटॉपसोबत आलेल्या ऑफिसची. खरं तर तीच सगळ्यात कमी करावी. होम अँड स्टुडंट ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर चालू केलं, त्या खात्याला ते बांधलेलं असतं. फॉर्मॅटनंतर त्याच खात्यातून पुन्हा उतरवता येतं. घोळ होतो तो खातं दुसऱ्याचं निघालं की. विकताना दुकानदाराने आपल्याच ईमेलवर चालू करून दिलेलं असू शकतं. वर्डमध्ये फाइल, मग अकाउंट उघडा. ईमेल तिथे दिसतो. तो तुमचा नसेल तर फॉर्मॅटच्या वाटेला जाऊ नका. विंडोजच्या परवान्याची मात्र चिंता नको. विंडोजसह आलेल्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये त्याची ‘प्रॉडक्ट की’ म्हणजे परवान्याचा क्रमांक बहुधा मदरबोर्डमध्येच असतो.

खरी नड फॉन्टची. डीव्हीबी-टीटी सुरेख, श्रीलिपी, कृतिदेव यांत टाइप केलेले जुने ठराव आणि अर्जांचे नमुने फॉर्मॅटनंतर उघडले की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट गेलेला असतो. सी ड्राइव्हवर विंडोजच्या आत फॉन्ट्स फोल्डर आहे. कोणताही मार्ग घ्या, ते आधी पेन ड्राइव्हवर कॉपी करा. टॅली असेल तर डेटा फोल्डरचा बॅकअप घ्या आणि फॉर्मॅटआधी लायसन्स सरेंडर करा. डिजिटल सहीचं प्रमाणपत्र पेन ड्राइव्हसारख्या यूएसबी टोकनमध्येच असतं, ते सुरक्षित आहे. टोकनचा ड्रायव्हर आणि अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (ते मशीन आधारशी जोडणारा प्रोग्राम) फॉर्मॅटनंतर टाकावीच लागते, अपग्रेडनंतरही कधी कधी पुन्हा टाकावी लागते.

वरून अपग्रेड करताना चालू विंडोजमधूनच आयएसओ फाइल (विंडोज ११ चा पूर्ण सेटअप असलेली एकच मोठी फाइल) उघडून सेटअप चालवायचा आणि ‘कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स’ निवडायचं. पेन ड्राइव्हवरून बूट केलं तर हा पर्याय मिळतच नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. पर्याय फिका दिसला तर बहुधा भाषा जुळत नसते: विंडोज ‘इंग्लिश युनायटेड स्टेट्स’चं, आयएसओ ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ची, किंवा उलट. मायक्रोसॉफ्टचा इन्स्टॉलेशन असिस्टंट हा अपग्रेडचा प्रोग्राम वापरला तर भाषा तोच जुळवून घेतो. पण मशीन तीन असतील आणि नेट मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर असेल, तर पाच जीबीच्या वरची आयएसओ तालुक्याला ब्रॉडबँडवर एकदाच उतरवलेली बरी. सोबत आलेला चाचणी अँटिव्हायरस आधी काढून टाका, अपग्रेड अडकवणाऱ्यांत त्याचा नंबर वरचा. आणि ‘सगळं ठेवा’ म्हटलं तरी सगळं राहत नाही: विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून वर्डपॅड काढलेलंच आहे. बिघडलं तर १० दिवसांच्या आत सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरीमधून ‘गो बॅक’ करता येतं. तोवर डिस्क क्लीनअप चालवू नका, जुनं विंडोज ठेवलेलं विंडोज डॉट ओल्ड फोल्डर उडालं की परतीची वाट बंद.

फॉर्मॅटमध्ये अशी परतीची वाट नाही. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो, त्यावरचं सगळं पुसलं जातं. वाय-फायचा ड्रायव्हर मिळाला नाही की होम आवृत्तीचा सेटअप ‘नेट जोडा’ म्हणून थांबतो. अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं नेट मशीनला मिळतं. ११ व्या पिढीच्या आणि पुढच्या काही इंटेल लॅपटॉपवर सेटअपला डिस्कच दिसत नाही. तिथे कंपनीच्या साइटवरचा इंटेल आरएसटी हा डिस्कचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर हवा. सगळी पार्टिशन उडवली तर कंपनीचं रिकव्हरी पार्टिशनही जातं.

जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: २५६ जीबीची एसएसडी बसवा आणि तिच्यावर कोरं विंडोज टाका. जुनी डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घातली की फॉन्ट, डेटा, सगळं जिथल्या तिथे. मशीनमध्ये एसएसडी आधीच असेल आणि रोजचं काम सुरळीत असेल, तर वरून अपग्रेडच करा. ३२ बिट विंडोज १० वाल्यांना हा पर्यायच नाही, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे.

लाइनचा भरवसा नाही हे दोन्हीकडे धरूनच चला. डेस्कटॉपचा ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं टिकतो, अपग्रेडला तास-दोन तास सहज जातात, हार्ड डिस्कवर त्याहून जास्त. म्हणून इन्व्हर्टरवर घ्या. लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज करून चार्जर लावूनच ठेवा. जून-जुलैत दाखल्यांची आणि पीक विम्याची गर्दी असताना यापैकी काहीच करू नका.

प्रोसेसर इंटेलच्या ८ व्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. असेंबल डेस्कटॉपवर ‘टीपीएम नाही’ (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप नाही) असा निरोप आला तर आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये बघा: इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम नावाने तो बंद पडलेला असू शकतो. तरीही जमलं नाही तर विंडोज १० च्याच २२एच२ आवृत्तीवर राहून वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करा. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे.