लोहचुंबक चिकटत नाही, एवढ्यावर विसंबू नका

माझ्या गाडीचा मूळ सायलेन्सर आठ वर्षांनी तळातून सडला. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत पुन्हा तीच पाळी येऊ नये, म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) मागचा सगळा भाग, म्हणजे मधली नळी, मफलर (आवाज दाबणारा डबा) आणि शेवटची नळी, स्टेनलेस स्टीलमध्ये करून घ्यायचे मी ठरवले. कन्व्हर्टरला हात लावायचा नाही आणि आवाज वाढवायचा नाही, हे मी आधीच बजावले होते. मला हवा होता तो केवळ टिकाऊपणा. कोल्हापुरातील एका कार्यशाळेने ३८,००० रुपये सांगितले आणि ‘माल ३०४ ग्रेडचा असेल, दहा वर्षे बघायला नको’ असा संदेश मोबाइलवर पाठवला.

३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, एवढे मी वाचून गेलो होतो. साध्या लोखंडाला लोहचुंबक चिकटतो आणि ३०४ ला चिकटत नाही, हेही मला माहीत होते. पण माझी माहिती तिथेच संपत होती आणि नेमका त्याचाच फायदा घेतला गेला. मालकांनी स्वतः खिशातून छोटा लोहचुंबक काढून नळीला लावला. तो घसरून फरशीवर पडला. “बघा साहेब, कुठं चिकटतोय?” असे ते म्हणाले आणि मी समाधानाने उरलेली रक्कम दिली.

पहिल्या पावसाळ्यानंतर नळीवर चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके आले. ‘वरचे डाग आहेत, पॉलिश केले की जातील,’ असे उत्तर मला मिळाले. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र मफलरजवळच्या जोडातून फुसफुस ऐकू येऊ लागली. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने गाडी रॅम्पवर घेऊन त्या जोडावर स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकवले, तर ते सरळ आत गेले. नळी कापल्यावर वेल्डिंगची आतली बाजू काळी आणि साखरेच्या खड्यांसारखी खरबरीत दिसली. स्टेनलेसची नळी जोडताना आतूनही आर्गॉन वायू सोडावा लागतो. तो सोडला नाही, तर तापलेला धातू आतल्या बाजूने जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. फ्लँज, म्हणजे नळ्या बोल्टने जोडायच्या चकत्या, तर साध्या लोखंडाचेच होते, वरून चंदेरी रंग मारलेले.

कापलेला तुकडा मी शिरोली एमआयडीसीतील एका प्रयोगशाळेत नेला. पिस्तुलासारखे यंत्र त्यांनी तुकड्यावर टेकवले आणि काही सेकंदांत आकडे दिसले : निकेल जेमतेम १ टक्का, मँगनीज ९ टक्क्यांच्या वर. बाजारात ज्याला जे-४ म्हणतात, तो स्टेनलेसच्या २०० मालिकेतील स्वस्त माल माझ्या गाडीखाली होता. निकेल महाग असल्याने या मालात त्याची जागा मुख्यतः मँगनीजने भरून काढलेली असते, आणि त्यामुळेच त्यालाही लोहचुंबक चिकटत नाही. भांडी आणि जिन्याचे कठडे यांसाठी तो सर्रास वापरतात. पण एक्झॉस्टमध्ये आतून कायम ओल असते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी तयार होते आणि गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालली, तर ते आम्लयुक्त होऊन मफलरमध्येच साचून राहते.

उलट, अनेक गाड्यांच्या मूळ एक्झॉस्टमध्ये कंपन्या ४०९ ग्रेडचे स्टेनलेस वापरतात. त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास असते आणि त्याला लोहचुंबक घट्ट चिकटतो. म्हणजे ‘चिकटला तर वाईट, नाही चिकटला तर उत्तम’ हा समज दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. ४०९ सांगून ४०९ दिले असते, तर माझी काहीही तक्रार नव्हती.

सर्वांत मोठी चूक बिलाची झाली. त्यावर ‘एसएस पाइप किट’ एवढेच लिहिले होते. ग्रेड नाही, जाडी नाही, नळीच्या कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्रही नाही. मी नोटीस पाठवली, तेव्हा ‘३०४ असे बिलात कुठे आहे?’ असेच उत्तर आले. सुदैवाने मोबाइलवरचा तो संदेश मी जपून ठेवला होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार दोन वर्षांच्या आत आणि आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. संदेश, बिल, प्रयोगशाळेचा अहवाल आणि छायाचित्रे जोडून मी रत्नागिरीत तक्रार दाखल केली आहे, आणि कापलेली नळी चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवली आहे.

नवे काम दुसरीकडे दिले. या वेळी नळीचा बोटभर तुकडा आधी मागून घेतला आणि प्रयोगशाळेत तपासला. निकेल ८.१ टक्के आले. त्यानंतर ग्रेड व जाडी लिहिलेले पक्के बिल हातात घेतले आणि मगच पैसे दिले.